२५ मिलिमीटर व्हॅक्युम कुठे गेला? एका स्टीम जहाजावरची केस

ही केस साधारण दहा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी थर्ड इंजिनियर होतो, १२ ते ४ च्या वॉचवर, म्हणजे पाळीवर. जहाज एलएनजीचं, म्हणजे गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू नेणारं, १९९० च्या दशकात बांधलेलं, गोल टाक्यांचं, आणि मुख्य इंजिन म्हणजे स्टीम टर्बाइन. आजकाल कुणाला सांगितलं की मी वाफेच्या जहाजावर होतो तर लोकांना आजोबांची आगबोट आठवते, भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी, पण एलएनजीच्या जहाजांवर वाफ खूप उशिरापर्यंत टिकली, कारण टाकीतला गॅस थोडा थोडा उकळत असतोच, तो बॉयलरमध्ये जाळला की काम झालं. आमच्याकडे दोन बॉयलर, वाफ ६० बारची आणि ५१० डिग्रीची, ती आधी हाय प्रेशर टर्बाइनमध्ये, मग लो प्रेशर टर्बाइनमध्ये आणि तिथून खाली मेन कंडेन्सरमध्ये.

ट्रिप कतारच्या रास लफानहून दाभोळला. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, म्हणजे माझ्याच खाडीच्या तोंडाशी माल उतरवायला चाललो होतो आणि घरी सांगून ठेवलं होतं की बोटीचे दिवे दिसले तर समजा मी आलो. त्या काळी दाभोळला ब्रेकवॉटर (लाटा अडवणारी भिंत) अर्धवट होतं त्यामुळे पावसाळ्यात तिथे जहाज लागायचं नाही, आणि मे सुरू झालेला, म्हणून वर ब्रिजपासून खाली आमच्यापर्यंत सगळ्यांना वेळेवर पोचायची घाई.

केस काय ते एका वाक्यात सांगायचं तर कंडेन्सरचा व्हॅक्युम (म्हणजे पोकळी, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका चांगला) ७१० मिलिमीटर होता तो दीड दिवसात ६८५ वर आला आणि का आला ते कुणाला कळेना.

ज्यांचा वाफेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. रेल्वेचं जुनं इंजिन फुकफुक करत वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून द्यायचं, पुढच्या स्टेशनावर पाणी भरायचं. समुद्रात ते जमत नाही, आजूबाजूला पाणीच पाणी पण बॉयलरच्या कामाचं एक थेंब नाही. म्हणून जहाजाची एक्झॉस्ट वाफ थंड करून तिचंच परत पाणी करायचं आणि तेच पाणी परत बॉयलरला. वेगळ्या कंडेन्सरची आयडिया जेम्स वॉटची, १७६५ ची, पण त्यात थंड पाणी थेट वाफेवर मारायचे, म्हणजे जहाजावर मारलं की सगळं खारट. नळ्यांच्या आतून समुद्राचं पाणी आणि बाहेरून वाफ, दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हा जो सरफेस कंडेन्सर, त्याचं पेटंट सॅम्युअल हॉलने १८३४ ला घेतलं, आणि आज आम्ही वापरतो तो मुळात तोच.

पण पाणी वाचवणं हा अर्धाच फायदा. खरी गंमत व्हॅक्युमची. ३८ डिग्रीला १ किलो वाफ साडेएकवीस घनमीटर जागा घेते, म्हणजे एक लहानशी खोली भरेल, आणि तिचं पाणी झालं की जेमतेम १ लिटर. खोलीभर वाफ लिटरभर झाली की मागे काय उरतं, पोकळी. ती पोकळी टर्बाइनमधून वाफ खाली ओढते. टायटॅनिकचा मधला पंखा (प्रोपेलर) तर बाजूच्या दोन इंजिनांच्या फक्त एक्झॉस्ट वाफेवर फिरायचा, साधारण ९ पौंडाला आत यायची आणि १ पौंडाला कंडेन्सरमध्ये जायची, आपल्या हवेचा दाब १४.७ पौंड असतो हे लक्षात घ्या, म्हणजे तो सगळा टर्बाइन हवेच्या दाबाच्या खालीच चालायचा. असं असताना एक्झॉस्टला टाकाऊ म्हणणं मला पटत नाही.

तर आता हवा. कंडेन्सर कितीही घट्ट असला तरी थोडी हवा शिरतेच, आणि हवेचं वाफेसारखं पाणी होत नाही, ती तिथेच बसून राहते. तिला बाहेर काढायला आमच्याकडे दोन टप्प्यांचे स्टीम एजेक्टर होते, बारीक नोझलमधून वाफ जोरात मारायची आणि ती हवेला बरोबर घेऊन जाते. आणि खाली जमलेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, ते हॉटवेलमधून, म्हणजे कंडेन्सरच्या तळातून, उचलायला दोन कंडेन्सेट पंप, उभे, एक चालू एक स्टँडबाय. पंपातून पाणी एजेक्टरच्या कंडेन्सरला, ग्लँड कंडेन्सरला, हीटरला, डीएरेटरला (तो पाण्यातली हवा काढतो) आणि तिथून फीड पंप त्याला बॉयलरमध्ये ढकलणार. फीड पंप स्वतः वाफेवर, त्याची एक्झॉस्ट वाफ परत डीएरेटर आणि हीटर गरम करायला. काहीच फुकट जात नाही, कोकणातल्या घरासारखं, नारळाची करवंटी पण ठेवून द्यायची.

शुक्रवारी संध्याकाळी रास लफान सोडलं. शनिवारी दुपारी १२ ला मी वॉच घेतला तेव्हा फोर्थ इंजिनियर म्हणाला सगळं ओके, व्हॅक्युम ७०४. सकाळी ७१० होता. मी म्हटलं होर्मुझ येतंय, स्पीड वाढलाय, असेल. ४ वाजता मी सोडला तेव्हा ६९६. सेकंड इंजिनियर साहेबांना सांगितलं, त्यांनी गेजवर बोटाने टकटक केली, जसं आपण सगळेच करतो. रविवारी पहाटे ६८८ आणि दुपारपर्यंत ६८५, आणि मग तिथेच थांबला.

६८५ म्हणजे जहाज बुडत नाही. आमचा अलार्म ६५० ला होता, मशीन आपोआप बंद पडायचा आकडा त्याच्या बराच खाली. पण हिशेब केला तर एवढ्या २५ मिलिमीटरने वाफेतून निघणारं काम साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतं, म्हणजे तेवढ्याच वाफेत पंखा हळू फिरणार. शिवाय लो प्रेशर टर्बाइनच्या पोटातच अस्टर्न, म्हणजे जहाज मागे नेणारा, टर्बाइन बसवलेला असतो, तो पुढे जाताना नुसताच उलटा फिरत असतो, चांगल्या व्हॅक्युममध्ये त्याला घुसळायला काही नसतं म्हणून चालतं, व्हॅक्युम गेला की तो ताक घुसळल्यासारखा वाफ घुसळतो आणि तापतो. चीफ इंजिनियर साहेबांनी ८६ आरपीएम वरून ८० वर आणायला सांगितलं. वरून कॅप्टनचा फोन, ईटीएचं, म्हणजे पोचायच्या वेळेचं काय. चीफ साहेबांनी फोन ठेवला आणि आम्हा तिघांकडे बघितलं, त्या नजरेचं वर्णन नको.

रविवारी दुपारी कंट्रोल रूममध्ये सगळे जमलो. पहिला संशय नेहमी समुद्रावर. अरबी समुद्रात मे मध्ये पाणी ३० डिग्री असतं, त्यात पिशव्या, शेवाळ, जेलीफिश, काहीही नळ्यांच्या तोंडाशी येऊन बसतं. सेकंड साहेबांचं ठाम मत होतं की स्कूप चोक झालाय. (फुल स्पीडला आमचा सर्क्युलेटिंग पंप बंदच असतो, बोटीच्या वेगानेच पाणी स्कूपमधून आत घुसतं.) पण चीफ साहेब म्हणाले आधी आकडे लिहा. समुद्राचं पाणी आत ३०, बाहेर ३६. आदल्या दिवशी व्हॅक्युम ७१० असताना पण ३० आणि ३६ च. पाणी कमी येत असतं तर तेवढीच उष्णता थोड्या पाण्यात गेली असती आणि बाहेरचं ३८, ३९ झालं असतं. नाही झालं. म्हणजे पाणी पुरेसं येतंय. सेकंड साहेब गप्प.

मग त्यांनी ड्रॉवरमधून स्टीम टेबलचं पुस्तक काढलं, कडा तेलाने काळ्या झालेलं. आणि हे मला त्या दिवशी नीट समजलं, कॉलेजमध्ये पाठ केलं होतं पण समजलं नव्हतं. ६८५ चा व्हॅक्युम म्हणजे ७६० मधून वजा करता खरा दाब ७५ मिलिमीटर. या दाबाला शुद्ध वाफ ४६ डिग्रीला पाणी होते. म्हणजे आमच्या हॉटवेलचं पाणी ४५-४६ च्या आसपास पाहिजे. होतं किती, ४०. आता ४० डिग्रीला वाफेचा दाब फक्त ५५ मिलिमीटर. मग गेज ७५ का दाखवतोय, वरचे २० कुणाचे?

चीफ साहेब म्हणाले, "हवेचे. नळ्या घाण असत्या तर दाब पण चढला असता आणि पाणी पण गरम आलं असतं. इथे पाणी गार आहे आणि दाब चढलाय, म्हणजे आत पाहुणा बसलाय."

ढोबळ गणित आहे हे, कंडेन्सरच्या प्रत्येक कोपऱ्यात हवा सारखी नसते, पण दिशा बरोबर दाखवतं. नुसत्या चार थर्मामीटरवरून समुद्र, नळ्या, स्कूप सगळे संशयित सुटले. आता एकतर हवा जास्त शिरतेय किंवा एजेक्टर काढत नाहीये.

एजेक्टर सोपा. नोझलची वाफ बरोबर प्रेशरला होती, तरी आम्ही स्टँडबाय सेट चालू केला. व्हॅक्युम ३ मिलिमीटर वर गेला आणि परत खाली. ड्रेनचा लूप सील (हवा अडवणारा पाण्याने भरलेला वाक) बघितला, भरलेला. एजेक्टर बिचारा पूर्ण ताकदीने हवा काढत होता, उलट त्याच्या व्हेंटला हात लावला तर नेहमीपेक्षा जास्त फुंकर लागत होती, जे मी बघितलं आणि तिथल्या तिथे बोललो नाही, का ते माहीत नाही, थर्ड इंजिनियर माणूस कमी बोलतो.

ग्लँड स्टीम बघितली. टर्बाइनचा शाफ्ट जिथे केसिंगमधून बाहेर येतो तिथे फटीतून हवा आत जाऊ नये म्हणून हलक्या दाबाची वाफ देऊन ठेवलेली असते. ती थोडी वाढवली, ग्लँडमधून वाफ बाहेर दिसायला लागली, व्हॅक्युम जागचा हलला नाही.

मग राहिलं ते फोमचं काम. जुने लोक मेणबत्ती घेऊन फ्लँजवरून (पाइपच्या जोडांवरून) फिरवायचे, ज्योत जिकडे वाकेल तिकडे लीक, पण गॅसच्या जहाजावर इंजिनरूममध्ये मेणबत्ती घेऊन फिरलो असतो तर तिथून थेट घरी. आम्ही दाढीचा फोम वापरला. फ्लँजवर फासायचा आणि बघत बसायचं, आत ओढला गेला की खळगा पडतो. माझ्या आणि फोर्थच्या केबिनमधले डबे संपले, मग चीफ साहेबांनी स्वतःचा दिला, कुठल्यातरी ड्युटी फ्री मधला, चंदनाच्या वासाचा, आणि दोन तास ४५ डिग्रीच्या इंजिनरूममध्ये चंदनाचा वास दरवळत होता. लो प्रेशर टर्बाइनची रिलीफ व्हॉल्व्ह, एक्सपान्शन जॉइंट, ड्रेनच्या लाइन्स, गेजच्या टॅपिंग, मॅनहोल. आमच्याबरोबर हर्णैचे एक मोटरमन (इंजिनरूममधले खलाशी) होते, साठीला आलेले, त्यांना सगळे चाचा म्हणायचे, ते तेव्हाही मोटरमन न म्हणता तेलवाला म्हणायचे स्वतःला. ते टॉर्च धरून, मी फासून. शेवटी हॉटवेलच्या गेज ग्लासच्या वरच्या कॉकला खळगा पडला. बारीक, मसुराएवढा.

"तीन साब, मिला!" चाचा ओरडले.

नट आवळला, व्हॅक्युम २ मिलिमीटर वर. चीफ साहेबांचं तोंड काही फार उजळलं नाही, एवढ्याशा छिद्राने २५ जात नाहीत हे त्यांना दिसत होतं. पण रविवारी रात्री मी १२ ला वॉचवर आलो तर काय, ७०६! फोर्थ खूश, मी खूश, सेकंड साहेबांना पहाटे ४ ला ७०८ देऊन झोपायला गेलो. सगळ्यांनी गेज ग्लासला क्रेडिट देऊन टाकलं. आरपीएम परत ८६.

सोमवारी दुपारी १२ ला परत खाली आलो, ७०१. दोन वाजता ६९४.

मला त्या क्षणी जे वाटलं ते म्हणजे ताप उतरला म्हणून पोराला शाळेत पाठवावं आणि दुपारी शाळेतून फोन यावा. आता गंमत अशी की तोपर्यंत आम्ही सगळे मशीनकडे बघत होतो, कागदाकडे कुणी बघितलं नव्हतं. मी लॉगबुक ओढलं आणि शनिवारपासून व्हॅक्युमच्या आकड्यांवरून बोट खाली नेत गेलो, शेजारच्या प्रत्येक कॉलमशी जुळवत. समुद्राचं तापमान, नाही. लोड, नाही. ग्लँड स्टीम, नाही. मग एक कॉलम आला ज्यात फक्त १ किंवा २ लिहितात, कुठला कंडेन्सेट पंप चालू आहे तो.

शुक्रवारपर्यंत २. शनिवारी सकाळी १० ला फोर्थने रुटीनप्रमाणे चेंजओव्हर केला, १. तिथून व्हॅक्युम खाली. रविवारी रात्री ९ ला नंबर १ च्या मोटरचं बेअरिंग आवाज करायला लागलं म्हणून परत २. तिथून व्हॅक्युम वर. सोमवारी सकाळी इलेक्ट्रिशियनने ग्रीस मारून दिलं, ९ ला परत १. तिथून परत खाली.

पहिला विचार कुणाचाही हाच येईल की नंबर १ खराब. तो चालू असला की व्हॅक्युम पडतो ना, मग तोच. मीही पाच मिनिटं नंबर १ समोर उभा राहिलो. करंट बरोबर, डिस्चार्ज प्रेशर बरोबर, शाफ्ट जिथून बाहेर येतो त्या ग्लँडमधून टपटप पाणी, म्हणजे तब्येत ठणठणीत. आणि मग मान वळवून नंबर २ कडे बघितलं. तो नुसता उभा. कोरडा. इतका कोरडा की ग्लँडच्या भोवती पांढरा क्षार सुकलेला.

आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो कोरडा मीच केला होता.

झालं होतं असं. या ट्रिपच्या आधी एका बंदरात तपासणी होती, तेलाच्या आणि गॅसच्या जहाजांना असते तशी, इन्स्पेक्टर येणार, टॉर्च मारून कोपरा अन् कोपरा बघणार. आदल्या दिवशी सेकंड साहेब म्हणाले खालचा टँकटॉप, म्हणजे इंजिनरूमचा तळ, आरशासारखा पाहिजे, पाण्याचा एक डाग दिसता कामा नये. तेव्हा नंबर २ चालू होता आणि त्याच्या ग्लँडमधून नेहमीसारखं पाणी टपकत होतं, जरा जास्तच. मी पाना घेतला आणि ग्लँडचे दोन्ही नट आवळले. तरी टपकत होतं. मग ग्लँडला जी बारीक सीलिंग पाण्याची लाइन येते तिची नीडल व्हॉल्व्ह बंद केली. टपकणं थांबलं. इन्स्पेक्टर आला, टॉर्च मारला, गेला, एक रिमार्क नाही. मी व्हॉल्व्ह उघडायला विसरलो. नऊ दिवस.

आता नऊ दिवस काही का झालं नाही, तर पंप चालू होता. विहिरीवरचा पंप ज्यांनी चालवलाय त्यांना हे लगेच कळेल, सक्शनच्या बाजूला जरा फट असली की पंप हवा धरतो, पण डिस्चार्जच्या बाजूला फट असेल तर पाणी बाहेर उडतं, हवा आत जात नाही. आमचा उभा पंप चालू असताना त्याच्या ग्लँडपाशी पंपाचाच दाब असतो, म्हणून पाणी आतून बाहेर टपकतं. पण तोच पंप बंद करून स्टँडबायला ठेवला की त्याची सक्शन व्हॉल्व्ह उघडी, व्हेंट लाइन उघडी, कारण दुसरा बंद पडला तर याने आपोआप चालू व्हायचं असतं, आणि दोन्हीकडून तो थेट कंडेन्सरला जोडलेला. म्हणजे पंपाच्या पोटात व्हॅक्युम. बाहेर आपली हवा, आत पोकळी, मध्ये चार-पाच पॅकिंगच्या रिंगा. त्या रिंगांच्या मधोमध सीलिंगचं पाणी सोडलेलं असतं ते याचसाठी, की ओढायचंच असेल तर पाणी ओढ, हवा नको. ती व्हॉल्व्ह मी बंद केलेली.

आणि व्हॅक्युम एकदम का पडला नाही हेही तिथेच कळलं. चेंजओव्हर झाला तेव्हा पॅकिंग ओलं होतं, ओलं पॅकिंग काही तास धरून ठेवतं. मग ते सुकत गेलं, तशी हवा वाढत गेली. चेंजओव्हरच्या क्षणी गेज धाडकन खाली आला असता तर फोर्थने तिथल्या तिथे पकडलं असतं. तो हळूहळू उतरला म्हणून आम्ही सगळ्या जगावर संशय घेतला. आणि त्या ग्लँडवर फोम फासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, मला धरून, कारण पंप ही पाणी गळायची जागा, हवा शिरायची नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

एक पुरावा तर तीन दिवस समोर पडला होता. फोर्थ रोज बॉयलरच्या पाण्याच्या टेस्ट करायचा, आणि शनिवारपासून हायड्रॅझीन नेहमीपेक्षा जास्त लागत होतं. हायड्रॅझीन पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खातं. ते जास्त लागतंय म्हणजे ऑक्सिजन जास्त येतोय, आणि हवा पाण्यातूनच बुडबुडत वर जात असेल तर तो येणारच. फोर्थने ते रजिस्टरमध्ये इमानदारीत लिहिलं होतं आणि डोस वाढवला होता. रजिस्टर केमिकलच्या कपाटात, लॉगबुक कंट्रोल रूममध्ये, दोघांची भेट नाही.

चीफ साहेबांना फोन केला. सांगितलं की मला एक टेस्ट करायचीय, नंबर २ पूर्ण आयसोलेट करतो, सक्शन आणि व्हेंट दोन्ही बंद. ते म्हणाले स्टँडबाय जाईल. खरं आहे, त्या वेळात नंबर १ बंद पडला असता तर हॉटवेल भरून पाणी नळ्यांपर्यंत चढलं असतं आणि मग व्हॅक्युम, टर्बाइन, सगळंच बसलं असतं. म्हणून त्यांनी चाचांना नंबर २ च्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभं केलं, काही झालं तर लगेच उघडायचं, आणि स्वतः खाली आले. पावणेतीनला मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केल्या. ६९२. पाच मिनिटांनी ६९७. दहा मिनिटांनी ७०३. वीस मिनिटांनी ७०८ आणि तिथे थांबला.

मग मी सांगितलं ते व्हॉल्व्हचं. सगळं, इन्स्पेक्शनचं, पान्याचं, विसरल्याचं. चीफ साहेब काही बोलले नाहीत, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. सेकंड साहेब मात्र लगेच म्हणाले, "टँकटॉप कोरडा पाहिजे असं मी बोललो होतो, सर." हे त्यांनी बोलायची गरज नव्हती, मी आजही त्यांना मानतो ते त्या एका वाक्यामुळे.

आता सोपं वाटलं होतं, व्हॉल्व्ह उघडली की झालं. आयसोलेशन काढलं, सीलिंगची व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडली, वाट बघितली. ७००. पुढे जाईना. पूर्ण उघडली, ७०१. पाणी जातंय पण पुरेसं काम करत नाहीये. म्हणजे अजून काहीतरी आहे, आणि ते पंप उघडल्याशिवाय दिसणार नव्हतं.

संध्याकाळी दाभोळच्या बाहेर अँकर टाकला, मेन टर्बाइन थांबला, लोड कमी झाला. रात्री मी आणि चाचा बसलो नंबर २ वर. ग्लँड सोडली, हुकाने जुन्या रिंगा एक एक करून ओढून काढल्या. वरच्या तीन तर खापरासारख्या कडक झालेल्या, बोटात मोडत होत्या. मग लँटर्न रिंग, म्हणजे मध्ये बसणारी भोकाभोकांची पितळी कडी, सीलिंगचं पाणी बाहेरून हिच्यातूनच शाफ्टपर्यंत पोचतं. ती स्टफिंग बॉक्समधल्या (रिंगा बसतात त्या पोकळ जागेतल्या) पाण्याच्या भोकासमोर पाहिजे. काढायच्या आधी मी वायर घालून खोली मोजली होती, कडी भोकाच्या जवळजवळ १० मिलिमीटर खाली गेलेली. मी एकट्याने आवळून ती एवढी गेली नसणार, वर्षानुवर्षं प्रत्येक थर्डने थोडं थोडं आवळलं, खालच्या रिंगा दबत गेल्या, कडी खाली सरकत गेली, नवीन रिंग कुणी टाकायची तर वरून टाकली, आणि शेवटचा आवळा माझा. पाणी येत होतं ते कडीत न जाता पॅकिंगच्या पाठीवर आपटत होतं.

खालच्या दोन रिंगा पण काढल्या, बॉक्स साफ केला, शाफ्टच्या स्लीव्हवर नख फिरवून बघितलं, बारीक चरे होते पण चालण्यासारखे. नवीन पॅकिंग शाफ्टएवढ्या पाइपवर गुंडाळून तिरकं कापलं, सांधे एकाखाली एक येऊ नयेत म्हणून फिरवून बसवले, खाली दोन, मग कडी, परत वायर घालून मोजलं की भोक समोर आलंय, मग वर तीन. नट हातानेच फिरवले, पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला. चाचा म्हणाले जास्त नको, तिला श्वास घेऊ दे. पंप चालू केला तेव्हा आधी धार लागली, मग अर्ध्या तासात थेंबांवर आली. मी घड्याळ लावून मोजले, मिनिटाला २५ ते ३०. मग बंद करून स्टँडबायला टाकला, सीलिंग चालू ठेवून, आणि ग्लँडवर चंदनाचा उरलेला फोम फासला. पहाटेपर्यंत खळगा पडला नाही. वर डेकवर आलो तर समोर अंजनवेलचा दीपस्तंभ मिचकावत होता, घर तिथून हाकेच्या अंतरावर आणि मी फोमने आणि ग्रीसने माखलेला.

परतीच्या ट्रिपला फुल स्पीडला ७११ मिळाला. हायड्रॅझीनचा डोस तिसऱ्या दिवशी जुन्या आकड्यावर आला. चीफ साहेबांनी दोन गोष्टी बदलल्या, एक म्हणजे कंडेन्सेट पंपाचा चेंजओव्हर झाला की पुढचे १२ तास व्हॅक्युम दर तासाला वेगळा लिहायचा, आणि दुसरं म्हणजे पाण्याच्या टेस्टचं रजिस्टर कंट्रोल रूममध्ये लॉगबुकच्या शेजारी आणून ठेवलं. माझ्याबद्दल रिपोर्टमध्ये त्यांनी थर्ड इंजिनियरने कारण शोधलं असं लिहिलं आणि थर्ड इंजिनियरनेच व्हॉल्व्ह बंद केली होती असंही लिहिलं, एकाखाली एक.

मी साइन ऑफ करताना हँडओव्हर नोट्समध्ये टाकलं, नंबर १ आणि नंबर २ कंडेन्सेट पंप, ग्लँडमधून मिनिटाला २५-३० थेंब, बंद करू नये. नीडल व्हॉल्व्हला पितळी टॅग बांधला. माझ्या जागी आलेल्या थर्डने काही महिन्यांनी मेसेज केला की इन्स्पेक्टरने या वेळी रिमार्क दिला, कंडेन्सेट पंपाच्या ग्लँडमधून गळती, टँकटॉपवर पाणी. मी विचारलं चीफ साहेबांनी काय उत्तर दिलं. तो म्हणाला, त्यांनी पंपाखाली एक स्टीलचा ट्रे ठेवला, त्याला ड्रेनची नळी जोडली, फोटो काढला आणि रिमार्क क्लोज.